लंडनमध्ये केलेला हात

आमच्या सेंट हेलेना बेटावर समोरून येणाऱ्याला हात करायचाच असतो. भांडण झालेलं असलं तरी करायचा, फक्त जरा छोटा. आमच्या एल्ड्रेडकाकांचा हात छोटा होतच नाही. चाळीस वर्षं त्याच हाताने ते जेम्सटाउनच्या धक्क्यावर माणसं उतरवतात. लाटेने होडी वर उचलली की लोंबणारी दोरी धरायची आणि पायरीवर पाय टाकायचा. माझी आई एक्क्याऐंशीव्या वर्षी अशीच उतरली, वर काकांना "हळू रे मेल्या" म्हणत.

मग बातमी आली, की जहाजांच्या जागतिक संघटनेत नियम येतोय: तरंगता धक्का नसेल तिथे प्रवासी उतरवायचे नाहीत. आमच्या लाटा तरंगता धक्का आठवड्यात खातील! म्हणजे पाहुणे जहाजातूनच डोंगराचे फोटो काढणार आणि आम्ही आठ होडीवाले घरी बसणार.

आमचं बेट ब्रिटनच्या छत्राखालचं. त्यामुळे लंडनला भरणाऱ्या त्या संघटनेच्या सभेत आम्हाला स्वतःची खुर्ची नाही. ब्रिटनच्या पेम्ब्रिजसाहेबांच्या मागे एक जागा मिळते. तिथे काकांना पाठवलं. ऑलिव्हकाकूंनी माशाच्या वड्यांचा डबा दिला आणि बजावलं, "तिथे बडबडू नका."

"मला बोलायलाच देणार नाहीत गं."

"देव पावला!"

साहेबांनीही सांगितलं, "काही असेल तर माझ्या कानात सांगा."

काका दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी सभा चालू असताना फॅरो बेटांच्या प्रतिनिधी बाई समोरून येताना दिसल्या. चहाच्या वेळी त्यांनी काकूंच्या चार वड्या खाल्ल्या होत्या. काकांचा हात सवयीने वर गेला, पूर्ण.

"मागच्या रांगेतले गृहस्थ, बोला," अध्यक्ष म्हणाले.

"माफ करा साहेब, मी बाईंना हात केला."

सभा हसली. पेम्ब्रिजसाहेब लाल झाले. पण मग त्यांनी आपलाच माइक मागे सरकवला. त्या माणसाचं भलं होवो!

काका म्हणाले, "माणसाला दोरी उतरवत नाही, हात उतरवतो. त्याने दोरी घट्ट धरेपर्यंत मी त्याचा दुसरा हात सोडत नाही. चाळीस वर्षांत एक टोपी बुडाली, ती बिशपांची."

फॅरोच्या बाई लगेच म्हणाल्या, "आमच्याकडेही असेच धक्के आहेत." नियमात एक ओळ वाढली: जाणते होडीवाले हात द्यायला उभे असतील, तिथे चालेल.

पुढच्या वर्षी साहेब स्वतः आले. होडी लाटेवर चढली, धक्क्यावरून अख्ख्या गावाने त्यांना हात केला आणि साहेबांनीही दोरी सोडून उलट हात केला!

"साहेब, आधी दोरी!" काका ओरडले. साहेबांचा दुसरा हात त्यांनी अर्थातच सोडला नव्हता.