नव्या मॉडेलवाला

आमच्या शुगर लँड गावात इलेक्ट्रिक गाड्या या पोराने सगळ्यांच्या आधी बनवल्या, आणि त्या विकल्या मी, माझ्या शब्दावर. कंपनी बुडाली तेव्हा त्याने फोन बंद ठेवला. लोकांच्या शिव्या माझ्या दारात आल्या. आता नवी कंपनी काढून तो दर शनिवारी माझ्या शोरूमला येतो आणि बोलताना जवळच्या गाडीचं बॉनेट थोपटत राहतो.

"काका, पहिली गाडी तुमच्याकडेच ठेवायची."

"आधी जुन्या गाड्यांचे पार्ट आण."

"ती कंपनी बंद झाली ना."

जणू ती दुसऱ्याच कुणाची होती. माझं डोकं तडकतं.

परवा तो शोरूममध्येच असताना एक मावशी त्याचीच बंद पडलेली गाडी टो करून घेऊन आल्या. बनवणारा हाच, असं सांगून मी बाजूला झालो. म्हटलं, आता सापडला. त्याने बॉनेट उघडलं आणि मोटर कशी सुचली ते हात नाचवत सांगू लागला.

"पण ही सुरू होईल का?" मावशींनी विचारलं.

"नाही होणार. बॅटरी मिळत नाही आता. पण नवं मॉडेल बघाच."

मी त्याला गेटबाहेर काढला. परत आलो तर मावशी त्या बॉनेटपाशीच उभ्या.

"काय हुशार मुलगा आहे हो," त्या म्हणाल्या. "नव्याचं बुकिंग तुमच्याकडेच ना?"