दुपारपुरता ताबा

रफूवाली आपा कोटाचं भोक असं बुजवायची, की खुद्द मालकच कोट उलटापालटा करून विचारायचा, "अहो, भोक गेलं कुठं?" तीस वर्षं भाड्याच्या खोलीत, खिडकीशी बसून हेच काम. डोळे सुईवर, मन मात्र हवेत. शेजारणी तिच्यापुढं सासू-सुनांच्या अख्ख्या लढाया लढायच्या. ती "हो ना" म्हणायची, आणि तेव्हा ती असायची बापाच्या माडीवर.

अब्बा गेले. मागं एक मुलगा, एक मुलगी. शरियतीत वाटणी सरळ: भावाचे दोन वाटे, बहिणीचा एक. घरही तसंच, खाली दोन खोल्या, वर एक. जणू गवंड्यानंच वाटणी करून ठेवलेली. पण रीत त्याहून सरळ! बहिणीनं एक सही ठोकायची आणि जन्मभर पाहुणी म्हणून मिरवायचं.

भावानं हक्कसोडीचा कागद पुढं सरकवला. "आपा, घर तुझंच आहे गं. कधीही ये."

"हो, फक्त आधी फोन करा म्हणजे झालं," भावजयीनं साखर पेरली.

साक्षीला बोलावलेले मौलवी चष्मा पुसत म्हणाले, "आधी वाटा हिच्या ताब्यात द्या. हातातच नाही ते ही सोडणार कसं? मग खुशीनं दिला तर दिला."

"दुपारपुरताच ना?" भाऊ हसला आणि माडीची किल्ली त्यानं तिच्या तळहातावर ठेवली. बहीण कुठं जाते, सही करणारच, ही त्याला खात्री.

वर धूळ होती आणि ऊन. आपा जमिनीवरच आडवी झाली. उन्हाचे पट्टे भिंतीवर पाण्यासारखे हलू लागले, खोली होडीसारखी सुटली. कुणीतरी तिची वेणी घालत होतं, बोटं ओळखीची. केव्हा निघणार, असं कुणीच विचारत नव्हतं. तिला गाढ झोप लागली.

"आपा, चहा निवला! सही करतेस ना?"

ती जिन्याच्या तोंडाशी आली. गालावर फरशीचे वळ. भाऊ एकुलता एकच. तरी म्हणाली, "नाही रे राजा. आता नाही देत."

भावजयीच्या हातातली बशी वाजली. मौलवींनी कागदाची घडी घातली. भाऊ पहिल्या पायरीवर पाय ठेवून थबकला. या जिन्यावर त्यानं आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

"वर येऊ?" तो पुटपुटला.

"ये की," आपा म्हणाली आणि बाजूला सरली.