फडक्रमची नोंद

इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात कुठली नोंद ठेवायची आणि कुठली उडवायची, यावर जे वाद चालतात ते मी हल्ली चवीनं वाचतो. विषय असतो एखादं कधीच बंद पडलेलं, कुणाला नावही ठाऊक नसलेलं सॉफ्टवेअर. एक बिचारा म्हणतो, ते होतं हो, मी वापरलंय. बाकीचे म्हणतात, पुरावा दाखव. या बाकीच्यांना मी चांगलं ओळखतो. त्यांच्या खुर्चीत मी इंटरनेट यायच्या आधीच बसलो होतो, परभणीत, आणि मला तिथं फार मजा आली होती.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी कॉलेजात शिकवत होतो. आम्ही पाच प्राध्यापकांनी जिल्ह्याचा परिचयकोश काढायचं मनावर घेतलं होतं आणि मी त्याचा सचिव होतो. चारठाण्याच्या देवळांपासून सेलूच्या कापूसबाजारापर्यंत सगळं त्यात यायचं होतं. कॉलेजांच्या नोंदीत विद्यापीठाचं नाव काय छापायचं यावर तीन बैठका झाल्या. शेवटी आम्ही शूर लोकांनी सगळ्या कॉलेजांनाच पुढच्या खंडात ढकललं. तो खंड कधी निघाला नाही.

एके दिवशी बैठकीत एक माणूस आला. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात कारकून, राहायला गंगाखेडला. पिशवीतून त्यानं कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेली काळी चौकोनी फ्लॉपी काढली आणि टेबलावर हळूच ठेवली. कारखान्यात पहिला संगणक आला तेव्हा यानं सुट्टीच्या दिवशी नांदेडला जाऊन क्लास केला होता आणि स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता, ‘फडक्रम’. कुणाचा ऊस कधी लावला याच्या तारखा त्यात भरायच्या. मग तोडणीची टोळी कुणाच्या फडात आधी जाणार याची यादी संगणक काढायचा. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. मोठा बागायतदार असो नाहीतर दोन एकरवाला, रांग एकच. तो प्रोग्राम बरोबर एक हंगाम चालला. त्या यादीत एका संचालकाच्या भावाचा फड फार खाली गेला होता. दुसऱ्या वर्षी पुन्हा हातानं भरायची वही आली आणि संगणकावर कापड पडलं.

“सर, चारच ओळी द्या. लय न्हाई मागत.”

“आता चालतो का तो?” मी विचारलं.

“न्हाई. बंद केला त्यांनी.”

“मग मेलेल्या गोष्टीची नोंद कशाला?”

“कोशात समदे मेलेलेच हायेत की, सर.”

आमचे अध्यक्ष, म्हणजे निवृत्तीला टेकलेले मराठीचे विभागप्रमुख, खो खो हसले. बाकीचेही हसले, आणि माझ्याकडे बघून हसले. एका कारकुनानं मला गप्प केलं होतं. याची जिरवायची, हे मी तिथंच ठरवलं.

मी त्याला नियम सांगितला. दुसऱ्या कुणी छापलेले दोन उल्लेख असल्याशिवाय नोंद नाही. नियम खरा होता, पण तोवर आम्ही तो कुणालाच लावला नव्हता. माझ्या स्वतःच्या कवितासंग्रहाची नोंद मीच लिहून, मीच मंजूर केली होती. त्या संग्रहाचे गठ्ठे अजून माझ्या पलंगाखाली होते.

महिन्याभरानं तो पुन्हा आला. हातात मुलीची लग्नपत्रिका. हळदीचं बोट लावलेली, गणपतीखाली वधूवरांची नावं, आणि वधूपित्याच्या नावाखाली ठळक अक्षरात ओळ: ‘फडक्रम या ऊसतोडणी संगणक प्रणालीचे निर्माते’. आमच्याकडे पत्रिकेत माणसं स्वतःला काय काय छापून घेतात. माजी सरपंच, भावी सरपंच, नामांकित पैलवान. तिथं छापलं की ते खरं झालं, अशी त्याची समजूत. तो गेल्यावर मी ती ओळ लग्नातल्या माइकवाल्याच्या थाटात मोठ्यानं वाचून दाखवली. आमची हसून मुरकुंडी वळली.

पुढच्या आठवड्यात गंगाखेडच्या एका साप्ताहिकाचं कात्रण आलं. मित्रमंडळानं लग्नाच्या शुभेच्छा दिल्या होत्या आणि खाली तीच ओळ होती.

“दोन झाले, सर,” तो म्हणाला. चेहरा असा फुललेला की बघवत नव्हतं.

“झाले की,” मी म्हणालो. “आता लग्नातच भेटू.”

हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्याला काय वाटणार हे मला पक्कं माहीत होतं.

लग्न वैशाखात, भर उन्हात. आम्हा कोशवाल्यांना त्यानं पुढच्या सोफ्यावर बसवलं, टॉवेल-टोपी-नारळ देऊन सत्कार केला. मंगलाष्टकांच्या आधी पाहुण्यांचे शुभाशीर्वाद चालू होते. माइकवाल्यानं जाहीर करून टाकलं, वधूपित्याच्या संगणकी कामाची नोंद जिल्ह्याच्या कोशात येत आहे. टाळ्या पडल्या. नवरदेवाचे वडील मिशीवर हात फिरवत व्याह्याकडे कौतुकानं बघायला लागले. मग माझं नाव पुकारलं.

दोन शब्द बोलून मला उतरता आलं असतं. मी माइक हातात घेतला, वधूवरांना आशीर्वाद दिला आणि म्हणालो, “एक दुरुस्ती. अशी कोणतीही नोंद मंजूर झालेली नाही. लग्नपत्रिका हा पुरावा धरला, तर जिल्ह्यातला प्रत्येक जण कोशात येईल.”

मांडव हसला. खरोखर हसला, पोरंटोरंसुद्धा. नवरदेवाचे वडील मोठ्यानं म्हणाले, “मंग पत्रिकेत खोटं छापलं व्हय?” कर्णा नेमका नवरीच्या खोलीवर बांधला होता, तेव्हा तिनंही सगळं ऐकलं असणार. वधूपिता मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला. मला गार वाटलं. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी अगदी गार वाटलं.

अक्षता पडल्या. पंगतीत वाढायला तो स्वतः आला, बुंदीचं ताट घेऊन. माझ्या पत्रावळीपाशी वाकला आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “सर, नोंद नका देऊ. पर त्यो प्रोग्राम चालला व्हता, एवढं तरी बोलायचं व्हतं. तुमच्या भावाचा ऊस त्या साली पयल्यांदा येळेवर गेला. तुमाला ठावं हाय.”

मला ठाऊक होतं. गावाकडचा आमचा दोन एकरांचा फड दरवर्षी उन्हाळ्यापर्यंत वाळत उभा राहायचा. त्या एका हंगामात टोळी ठरल्या दिवशी आली. भाऊ मुद्दाम परभणीला येऊन मला ते सांगून गेला होता. सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“छापील काही आहे का त्याचं?” मी विचारलं.

त्यानं माझ्या पानात बुंदी वाढली, दोन मुठी, पाहुण्याला वाढतात तशी भरपूर, आणि पुढच्या पानाकडे सरकला. मी ती सगळी खाल्ली.