तिच्या हातातला ब्रेक

मी पहिल्या तासाची हजेरी घेत होते, तेव्हा नलूताईच्या भावाचा, रमेशभाऊचा फोन आला. "बाई, ताई गेली…" एवढंच तो बोलू शकला. नलूताई, रामाकोन्याच्या शाळेतली माझी अठरा वर्षांपासूनची सोबतीण, सौसरच्या घरी झोपेतच हृदयविकारानं गेली. मी वर्गाकडे वळले, आणि तोंडून निघालं, "नलूबाई आज येणार नाहीत." पोरं खूश झाली, कारण त्यांना वाटलं गणिताचा तास चुकला. त्याला आता पाच आठवडे झाले…

लहानपणच्या पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले होते. कुबड्या घेऊन ती सौसरच्या स्टँडवर यायची, आणि कंडक्टर एका बगलेत, कोणी प्रवासी दुसऱ्या बगलेत हात घालून तिला बसमध्ये चढवायचे. माणसं चांगलीच होती. पण तिला तेच खुपायचं. "सारेच मदत करतात गं," ती म्हणायची, "पण मले विचारून कोणी उचलत नाही." तिचा धाकटा भाऊ रमेश ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. त्यानं हे कधीतरी ऐकलं असावं. त्यानं क्लच नसलेली एक जुनी छोटी मोटार आणली आणि स्टीअरिंगखाली लोखंडी दांडा बसवला. ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. कागदपत्रांचं नंतर पाहू, असं दोघांनीही ठरवलं, म्हणजे ठरवलंच नाही. महिनाभर रिकाम्या मैदानात शिकून एका शनिवारी ती मला घेऊन जामसांवलीला गेली. मी दर्शन घेऊन आले तरी ती गाडीतच बसून होती. "जातो ना आत. थांब जरा. कोणाले न सांगता इथवर आली मी, ते पाहून राहिली."

दोन वर्षं ती अशीच, मला शेजारी बसवून, शाळेत आली. मग लोधीखेड्याच्या रस्त्यावर तपासणीत गाडी अडवली गेली. ना बदलाची मंजुरी, ना तशा गाडीचं लायसन्स. गाडी घरी उभी राहिली आणि ताई पुन्हा बसमध्ये. आम्ही दोघी छिंदवाड्याला परिवहन कार्यालयात गेलो. तिथला तरुण निरीक्षक सभ्यपणेच म्हणाला, "मैडम, ये डंडा टूट गया तो?" ताई म्हणाली, "और आपका पाँव फिसला तो?" तो हसला, पण अर्जावर काही लिहिलं नाही. त्यानंतर नुसते हेलपाटे. कधी एक कागद कमी, कधी साहेब दौऱ्यावर. स्टाफरूममध्ये आम्ही तिला समजावायचो की नियम तुझ्याच भल्यासाठी आहे, आणि ती भडकायची. "घरी बसवून कोणालेही सुरक्षित ठेवता येते! त्याले काय अक्कल लागते?" खरं सांगायचं तर दोन वर्षं तिच्या शेजारी बसताना माझाही जीव प्रत्येक उतारावर मुठीत असायचा. ते मी तिला कधी बोलले नाही.

आठ महिन्यांनी गाडी तपासायची तारीख मिळाली. त्याच निरीक्षकानं दांडा सोडवायला लावला, जोडाजवळचा रंग स्क्रूड्रायव्हरनं खरवडला आणि बोट ठेवलं. केसाएवढी भेग होती. रमेशभाऊ वाकून पाहत होता, तो तसाच खाली बसला. "ताई, मी तुले मारलं असतं…" तो लहान मुलासारखा रडायला लागला. ताईनं कुबडी टेकवली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तू मले दोन वर्षं चालवलं रे," ती म्हणाली. मग निरीक्षकाकडे वळली. "आप सही थे. पर ये दरार देखने में आठ महीने क्यों लगे? उसी दिन देख लेते." त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, "गलती हुई, मैडम." सरकारी माणसाच्या तोंडून असं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

नागपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मंजूर पद्धतीचा दांडा बसला, लायसन्स निघालं, ती पुन्हा गाडी चालवू लागली. पण रमेशभाऊ असल्या कामाला हात लावीना. पांढुर्ण्याचा एक पाय गेलेला दुकानदार स्कूटरला बाजूची चाकं बसवायला आला, तर यानं त्याला परत पाठवलं. ताईला कळलं तेव्हा तिनं त्या दुकानदाराला फोन करून बोलावून घेतलं. "आधी अर्ज, मग चाकं, मग तपासणी. अन् अर्ज अडला तं मले सांगा, आपण दोघं जाऊ." गेलीसुद्धा, तीनदा. तिसऱ्या खेपेला त्याची स्कूटर पास झाली. अशी किती माणसं तिनं त्या कार्यालयात नेली, मला आठवत नाही. नियमावर तिचा राग शेवटपर्यंत होता. नियम मोडायचं मात्र तिनं सोडलं होतं.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले होते. रमेशभाऊ रोज सकाळी साडेनऊला गाडी चालू करतो. "बॅटरी उतरते ना, बाई," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. ताईच्या सीटवर तो बसत नाही. डाव्या दारातून आत वाकून किल्ली फिरवतो. इंजिन सुरू झालं, आणि समोरच्या घरातल्या काकू पदराला हात पुसत धावत आल्या, ताई शाळेला निघायची तेव्हा रोज उघडायच्या, त्या सवयीनं फाटक सताड उघडून बाजूला उभ्या राहिल्या… मग त्यांच्या लक्षात आलं. तरी त्यांनी फाटक लगेच लावलं नाही.