शेपटाच्या मागे

आमच्या धाकट्या काकांना घरात सगळे कुलूपकाका म्हणतात, कारण कुठूनही निघताना कुलूप लावायला तेच उरतात. जन्म गेला लिफ्ट दुरुस्त करण्यात. खाली खड्ड्यात कोणी राहिलं नाही ना, हे स्वतः वाकून बघितल्याशिवाय त्यांनी कधी लिफ्ट सुरू केली नाही. ती सवय घरातही मुरली. आम्ही लहानपणी बागेतून परतायचो तेव्हा काका आम्हा मुलांना पुढे घालून मागून चालायचे, आणि काकू म्हणायची, "गुराखी आला बघा." माणूस नाकासमोर चालणारा. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की जांभया देणारा. म्हणून तर पुढची हकिकत त्यांनी सांगितल्यावर मला हसू आलं नाही.

निवृत्तीनंतर गुडघे धरले, म्हणून मुलीने त्यांना सायकलवाल्यांच्या गटात घातलं आणि वर्षभरात ते आठवडाभराच्या सहलीला निघाले. दिवसभर सायकल मारायची, रात्री तंबू ठोकायचे, सामान टेम्पोतून. गटाचा म्होरक्या शाळेत खेळ शिकवणारा, त्याला सगळे सर म्हणायचे. सरांचा नियम सोपा होता. सर सगळ्यांत पुढे, आणि सगळ्यांत मागे एक ठरलेला माणूस, त्याचं नाव शेपूट. शेपटाने कोणालाही ओलांडायचं नाही, पुढचा पायी चालला तर आपणही पायी चालायचं. रस्ता फुटेल तिथे एकाने उभं राहायचं, शेपूट आलं की मगच पुढे निघायचं. म्हणजे कोणी चुकत नाही. काका सगळ्यांत हळू, त्यामुळे सरांनी शेपूट व्हाल का असं विचारताच त्यांनी ती पडत्या फळाची आज्ञा मानली.

तिसऱ्या दिवशी चढाच्या रस्त्यावर धुकं उतरलं. भर दुपारी दहा हातांपलीकडचं दिसेना. तेवढ्यात पुढे एक माणूस दिसला, करडा स्वेटर घातलेला, सायकल हाताने ढकलत चाललेला. आपल्यातलाच कोणीतरी दमलाय असं समजून काका उतरले आणि मागून चालू लागले. दोनदा हाक मारली, त्याने मान वळवली नाही. चढ संपला, उतार लागला, तरी गडी सायकलवर बसेना. थंडी हाडात शिरलेली, पोटात अन्न नाही, गुडघे रडकुंडीला आलेले. शेवटी काकांचा धीर सुटला. "या हळूहळू, तंबू पुढेच आहेत," असं म्हणून त्यांनी सायकलवर टांग मारली आणि त्याला ओलांडलं. लाजेने त्याच्या तोंडाकडेही बघितलं नाही.

मुक्कामावर सगळे हजर होते. एकूण एक. काका पुन्हापुन्हा सांगत राहिले की एक माणूस मागे राहिलाय, मी सोडून आलोय त्याला. सर भला माणूस, टेम्पो घेऊन काकांबरोबर मागे गेला. रस्ता रिकामा होता. आसपासचा कोणी असेल, घरी गेला असेल, अशी सरांनी समजूत घातली. काकांना घास उतरला नाही.

खरा घोर दुसऱ्या दिवशी लागला. धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं. पहिल्या फाट्यावर बँकेतल्या बाई उभ्या होत्या. काका पोचले तरी त्या हलेनात. त्यांच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. ते मागचे येऊ देत."

काकांनी वळून बघितलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाईही मग गोंधळल्या, कोणीतरी येताना दिसलं खरं, असं पुटपुटत सायकलवर बसल्या. पुढच्या फाट्यावर दातांचे डॉक्टर होते. तेही तसेच, काकांच्या मागे डोळे लावून. त्यानंतर रोज, प्रत्येक फाट्यावर हेच. कोणी चेष्टा करत नव्हतं, ज्याचं त्यालाच ते कळत नव्हतं. काकांना भीती वाटत होती, पण त्याहून जास्त शरम वाटत होती. माझ्यामुळे मागे पडला तो, मला नंतर म्हणाले, आणि मी रोज जेवून झोपत होतो.

शेवटच्या दिवशी एका मोरीपाशी ते उतरले. सायकल कडेला घेतली, शेताकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं. तुम्ही पुढे व्हा. मी आहे मागे."

बराच वेळ काही झालं नाही. मग पाठीमागून कोरड्या साखळीची करकर आली, जवळून गेली आणि पुढे विरली. काका वळले नाहीत.

पुढच्या फाट्यावर कोणीही उभं नव्हतं. त्याच्या पुढच्याही नाही. शेपूट निघून गेल्यावर जसं असायला हवं तसंच. गवत कापणाऱ्या एकाला रस्ता विचारत काका शहराबाहेरच्या शेवटच्या ठिकाणी पोचले तेव्हा मंडळी टेम्पोत चढत होती. सरांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू काका आधीच पोचून पुन्हा कुठे फिरून आले होते.

"तुमची सायकल तर मघाशीच चढवली की," सर म्हणाले.

टेम्पोत माणशी एक अशा सायकली उभ्या करायच्या खाचा होत्या. सर मोजत आत शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. एकही खाच रिकामी नव्हती.

मी काकांना विचारलं, आत जाऊन बघितलंत का, जास्तीची कुठली होती?

"बघायचं काय त्यात? पोचला ना तो," काका म्हणाले. तिथे रस्त्यातच त्यांना रडू फुटलं होतं, आठवडाभरात पहिल्यांदा मोकळं वाटलं होतं.

मग टेम्पो सुटला आणि त्यांच्या सायकलला खाच उरली नव्हती म्हणून काका त्याच्या मागून सायकल मारत घरापर्यंत आले.