भिंतीमागचे डबे

भांडारात तिला सगळे चिकटताई म्हणत. जुने चित्रपट जपून ठेवणारं ते सरकारी भांडार, आणि तिचं काम तुटलेल्या फिल्मचे सांधे जोडायचं. एकदा हातात घेतलेलं काम ती तडीस नेल्याशिवाय सोडत नसे, त्यामुळे नाव दोन्ही अंगांनी शोभायचं. नवरा बसचा ड्रायव्हर. तो म्हणायचा, "मी निदान थांब्यावर तरी थांबतो. ही तिथंही थांबत नाही."

तिचे बाबा थिएटरात सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचे. ती लहान असताना एका खेळाला केबिनमध्ये फिल्म पेटली आणि बाबा बाहेर आले नाहीत. त्या काळची फिल्मच तशी होती, ठिणगीची वाट बघत बसलेली. एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी विझायची नाही. पुढं न पेटणारी फिल्म आली, जुनी मागं पडली, पण आईच्या घरात काडेपेटी कायम कडीकुलपातच राहिली. मुलगी भांडारात नोकरीला लागणार म्हटल्यावर आईनं तिला समोर बसवून एकच शब्द घेतला.

"नवी फिल्म हवी तेवढी हाताळ. ती जुनी, पेटणारी, तिला हात लावायचा नाही."

चिकटताईनं शब्द दिला आणि तो पाळलाही. जुन्या फिल्मचं सगळं अण्णा बघायचे. ते भांडारातले सर्वांत जुने तंत्रज्ञ, आणि त्यांची खोली मुद्दाम आवाराच्या पार टोकाला बांधलेली. चिकटताई तिकडं चहा द्यायलासुद्धा जात नसे. लग्न झालं, मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली, आई लेकीकडे राहायला आली, तरी शब्द तसाच होता.

त्या उन्हाळ्यात अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि भांडाराचे साहेब कुठल्याशा बैठकीला परगावी गेले होते. अशात एक दिवस केस कापायचं दुकान चालवणारा एक माणूस भांडाराच्या दारात उभा राहिला. त्याला एकच भुवई होती. दुसऱ्या भुवईच्या जागी नुसती लाल कातडी.

"ताई, जुन्या सिनेमाचं ऑफिस हेच ना?" त्यानं रुमालाची गाठ सोडली. आत बोटभर लांबीची फिल्मची काळी पट्टी होती. "मोठा आरसा बसवायला दुकानाची मागची फळी काढली, तर आत कोनाडाभर डबे. म्हटलं, बघावं काय आहे. एक तुकडा काडीवर धरला."

"आणि?"

"आणि काय, धरला तो हातात राहिलाच नाही. बायको म्हणते, फुकटात अर्धी दाढी झाली."

चिकटताईला हसू आलं नाही. तिनं विचारलं, "तिथं पूर्वी काय होतं?"

"वडील सांगायचे, थिएटर होतं. मुक्या सिनेमांचं. बोलणारे आले आणि ते बंद पडलं. मग त्याचे तुकडे करून दुकानं काढली."

मुक्या सिनेमांचं थिएटर. म्हणजे ते डबे तिच्याही आधीपासून त्या भिंतीत बसलेले. इतके उन्हाळे. तिनं अण्णांच्या रिकाम्या खोलीकडं एकदा बघितलं, जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली आणि त्या माणसाला घेऊन निघाली.

गल्ली अरुंद होती. दुकानात एक गिऱ्हाईक गालाला फेस लावून तसंच बसलं होतं. मागच्या कोनाड्यात गंजलेले गोल डबे एकावर एक रचलेले. वरच्याचं झाकण फुगलं होतं. उग्र, आंबूस वास नाकात गेला आणि तिचे पाय जागच्या जागी थांबले. तेवढ्यात भिंतीपलीकडून चर्र असा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"हे काय?"

"शेजारी वेल्डिंगचं दुकान आहे. भिंत दोघांत एकच."

तिनं भिंतीला तळवा लावला. भिंत कोमट होती.

शेजारच्या दुकानात वेल्डर तोंडावर मुखवटा धरून एका लोखंडी फाटकावर वाकला होता. चिकटताईनं दोनदा हाक मारली तेव्हा त्यानं मान वर केली.

"बाई, टेम्पो दारात उभा आहे. एवढा कोपरा झाला की मग काय ते सांगा."

समजावत बसायला वेळ नव्हता. तिनं न्हाव्याच्या रुमालातली ती पट्टी उजेडाला धरून बघितली. चित्र नव्हतं, नुसती काळी. ती हातात धरली आहे हे तिच्या ध्यानात आलं ते नंतर. तिनं पट्टी रस्त्याच्या मधोमध दगडावर ठेवली.

"याला एक ठिणगी लावा. लांबून. आणि लगेच मागं व्हा."

वेल्डरनं तिच्याकडं असं बघितलं, जणू बाईला ऊन लागलंय. पण गिऱ्हाइकापुढं माघार कशी घ्यायची म्हणून त्यानं ठिणगी लावली. भक्क झालं. ज्वाला गुडघ्याएवढी उठली आणि दगडावर काहीच उरलं नाही.

"असं अजून कुठं आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"तुमच्या भिंतीमागं. ढीग आहे."

तो तसाच वळला, आत गेला आणि त्यानं मेन स्विच खाली ओढला.

मग डबे हलवायचे ठरले. जीपवाला समोरच्या औषधांच्या दुकानात अग्निशमन दलाला फोन करायला धावला. न्हाव्यानं दुकानातले सगळे टॉवेल पाण्यात बुडवले. चिकटताईनं पहिला डबा स्वतः उचलला, ओल्या टॉवेलात गुंडाळला आणि पोटाशी धरून निघाली. घासायचा नाही, आपटायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही. गल्लीच्या तोंडाशी मोकळी जागा होती आणि तिथं एका झाडाची दाट सावली होती. मागं न्हावी, त्याच्यामागं वेल्डर. वरातीत नवरदेवाला चालवत नेतात तसे ते एकेक पाऊल टाकत होते, फक्त कोणाच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

अर्ध्या वाटेवर बघ्यांच्या गर्दीतून एक गृहस्थ पुढं सरसावले. तोंडात सिगारेट. "काय सापडलं हो? धन?" म्हणत ते डब्यावर वाकले. चिकटताईचे दोन्ही हात अडकलेले. राखेचं टोक लोंबताना तिला दिसत होतं आणि डबा त्यांच्यापासून दूर वळवत ती मागं सरकली. फेस लावलेलं ते गिऱ्हाईक मागूनच येत होतं. त्यानं गृहस्थांच्या तोंडातली सिगारेट सरळ उपटली आणि पलीकडच्या गटारात फेकली. गृहस्थ भांडायला लागले. चिकटताई पुढं चालत राहिली.

बंब आला तोवर सगळे डबे सावलीत होते. दलाचा अधिकारी उंचापुरा, थकल्या डोळ्यांचा होता. त्यानं वास घेतला आणि माणसांना मागं सरकवलं.

"नियमानं हे मोकळ्या मैदानावर नेऊन जाळायचं असतं, बाई."

"जाळा. पण आधी उघडून बघू द्या. जे सडलंय ते तुमचं. जे शाबूत आहे ते माझं."

"आणि उघडताना पेटलं तर?"

 ती म्हणाली, "माझे वडील त्यातच गेले. मला माहीत आहे काय होतं ते."

 अधिकाऱ्यानं आजूबाजूची जागा ओली ठेवायला पाण्याचा पाइप सोडवून घेतला. "मी इथंच उभा राहणार. मी पळा म्हटलं की पळायचं. डब्याला मिठी मारून बसायचं नाही."

पहिल्या डब्यात तपकिरी भुकटी निघाली. दुसऱ्यात मधासारखा चिकट लगदा. तिसऱ्याचं झाकण फुगलेलं होतं, ते अधिकाऱ्यानं उघडूच दिलं नाही.  पुन्हा भुकटी. पुन्हा लगदा. मग एक झाकण अलगद सुटलं, आणि आत घट्ट गुंडाळलेली, काळीभोर, चकचकीत फिल्म होती.

तिनं टोक सोडवून आभाळाकडं धरलं. नदी. नदीत नाव. नावेत वल्हं धरलेली एक मुलगी, केस वाऱ्यावर. खालच्या चौकटीत तेच, पण वल्हं किंचित वर. त्याखाली आणखी वर. तिनं पट्टी बोटांतून सरकवत नेली आणि वल्हं पाण्यातून बाहेर आलं. इतकी वर्षं अंधारात दडपलेलं पाणी त्याच्या टोकावरून निथळलं. आपल्याला भीती वाटत होती हेही ती क्षणभर विसरली.

"बघू," म्हणत अधिकारी नियम सोडून जवळ आला. त्यानंही पट्टी उजेडाला धरली. "चाललीय की," तो म्हणाला.

शाबूत डबे ओल्या पोत्यांत थंड ठेवून अण्णांच्या खोलीत गेले. उरलेले अधिकारी घेऊन गेला.

ती घरी आली तेव्हा आई खिडकीशी बसली होती. चिकटताई चप्पल काढते न काढते तोच आईची मान वळली.

"इकडं ये. हात दाखव."

आईनं तिचे तळवे नाकाशी नेले.  मग म्हणाली, "तुझ्या बाबांच्या सदऱ्याला हाच वास यायचा. शब्द दिला होतास."

"पलीकडं वेल्डिंग चालू होतं, आई. अर्धी गल्ली गेली असती."

"गल्लीतल्या सगळ्यांच्या आया दिसल्या तुला. स्वतःची तेवढी दिसली नाही."

त्यानंतर आईनं तिच्याशी बोलणं टाकलं. जेवताना म्हणायची, "जावईबापू, तिला सांगा, मीठ कमी आहे." नवरा बिचारा इकडचं तिकडं पोचवायचा. "मी बस चालवतो की टपालगाडी?" असं एकदा तो पुटपुटला, पण दोघींपैकी कोणीच हसलं नाही.

आणि चिकटताई रोज त्याच खोलीत जात होती. शब्द एकदा मोडलाच होता, आता काम अर्धवट सोडणं तिला जमणारं नव्हतं. फिल्म आकसली होती. मशीनचे दाते तिच्या भोकांत बसत नव्हते. म्हणून एकेक चौकट हातानं पुढं सरकवायची, तिचा फोटो नव्या फिल्मवर घ्यायचा, मग पुढची. अण्णा डोळ्यांना पट्टी बांधून दाराबाहेर खुर्ची टाकून बसत आणि नुसत्या आवाजावरून सांगत, "थांब, भोक फाटतंय." खोलीत पंखा नाही, दाराशी वाळूच्या बादल्या. शनिवारी धड असलेला भाग सोमवारी मऊ पडलेला दिसे. तिच्या हातांतून ती गोष्ट विरघळत चालली होती आणि तिला विरघळण्याच्या एक पाऊल पुढं राहायचं होतं.

साहेब परत आले. त्यांनी फिल्मवर चित्रांच्या मध्ये येणारी मजकुराची एक पाटी भिंगातून वाचली आणि स्टूल ओढून खाली बसले.

"हा चित्रपट कुठंच उरला नाही असं आम्ही छापून मोकळे झालोय," ते म्हणाले. "या मुलीचा एक अस्पष्ट फोटो तेवढा जुन्या जाहिरातीत आहे. तिला हलताना बघितलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही."

त्या संध्याकाळी जेवताना चिकटताईला राहवेना. तिनं नवऱ्याला सगळी गोष्ट सांगितली. नावाडी आजारी पडतो, मुलगी नाव चालवायला घेते, धाकटा भाऊ रागावून घर सोडतो.

"थोरला," आई म्हणाली.

दोघं तिच्याकडं बघत राहिले.

"धाकटा नाही. थोरला भाऊ. जाताना तो वल्हं मोडून जातो." आई ताट घेऊन उठली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी चिकटताईनं पाट्या पुन्हा लावून बघितल्या. थोरलाच होता.

नवी प्रत तयार झाली, पण शेवटाविना. शेवटचा भाग अधिकाऱ्यानं नेलेल्या भुकटीत गेला होता. एका दुपारी भांडाराच्या छोट्या सभागृहात ती दाखवायचं ठरलं. न्हावी आला, वेल्डर आला, अधिकारी गणवेश न घालता आला. चिकटताईनं आईला विचारलं होतं, जावईबापूंमार्फत. उत्तर आलं नव्हतं. दिवे मालवणार एवढ्यात नवरा आईचा हात धरून आत आला.

आई बसली नाही. आधी म्हणाली, "मशीन कुठंय?" चिकटताईनं तिला केबिनपाशी नेलं. आईनं दार उघडझाप करून बघितलं, आतल्या माणसाला नीट न्याहाळलं. "दार लावायचं नाही," तिनं त्याला बजावलं. मग येऊन लेकीशेजारी बसली. तिची बोटं लेकीच्या मनगटावर आवळली होती, आणि मशीन सुरू झालं तशी आणखी आवळली.

पडद्यावर नदी आली. नाव आली. मुलगी वळली आणि सरळ सगळ्यांकडं बघून हसली. सभागृहात कोणीतरी श्वास सोडला. मग मजकुराची पाटी आली, आणि आई ती मोठ्यानं म्हणाली. वाचल्यासारखी नाही. एका ठरावीक लयीत, शब्द लांबवत, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी.

"आई, इतक्या लांबून दिसतंय तुला?" चिकटताईनं कुजबुजत विचारलं.

"दिसतंय कुठं. पाठ आहे."

आणि पुढच्या पाटीच्या आधी तिनं हळू आवाजात सांगितलं. मशीनवर जायच्या आधी बाबा त्याच थिएटरात पडद्याशेजारी उभे राहायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाट्या वाचून दाखवायचे. आई तेव्हा लग्नाची मुलगी होती. तिनं हा खेळ पुन्हा पुन्हा बघितला होता.

त्यानंतर प्रत्येक पाटी आईनंच म्हटली. कोणी तिला गप्प केलं नाही. वादळ उठलं, नाव मध्यावर हेलकावू लागली, मुलीनं मोडकं वल्हं टाकून हातानं पाणी मागं लोटायला सुरुवात केली, आणि पडदा पांढरा झाला.

दिवे लागले. साहेब घाईघाईनं आईपाशी आले. "आजी, शेवट काय होतो? नाव लागते का किनाऱ्याला?"

आईनं आठवून बघितलं. मग जरा ओशाळली.

"ते नाही सांगता यायचं. शेवटाला मी पडद्याकडं बघतच नसे. शेवटची पाटी झाली की वाचणारा इकडं बघायचा."

 आधी न्हावी हसला, मग अधिकारी, मग सगळेच, आणि आईही पदर तोंडाला लावून हसत सुटली. साहेबांचा चेहरा मात्र तोंडात मारल्यासारखा झाला होता.

तो चित्रपट पुढं बऱ्याच गावी दाखवला गेला. त्याचा शेवट आजवर कुठंच सापडलेला नाही. अण्णा निवृत्त झाल्यावर टोकाची खोली चिकटताईकडे आली, आणि आईनं नवी अट घातली की जुन्या फिल्मला हात लावायचा असेल त्या दिवशी सकाळी तसं सांगून जायचं, लपवायचं नाही. चिकटताई सांगून जायची. ती परत येईपर्यंत आई खिडकीतून उठत नसे. दारात पाऊल पडलं की आधी तिचे हात हुंगायची, मग बाजूला सरकून जागा करायची आणि विचारायची, "बस. आज कोण सापडलं?"