चंद्रप्रभाचा न छापलेला फोटो

चंद्रप्रभा रणदिवेशी माझी ओळख भांडणाने झाली. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ती वरच्या मजल्यावर राहायची आणि मी खाली. मागच्या अंगणात दोन्ही घरांची मिळून एकच दोरी. एका रविवारी मी माझी नवी वायल साडी धुऊन वाळत घातली आणि तासाभराने बघते तर काय, साडीला लागून ओळीने ओले फोटो टांगलेले आणि त्यांचं पाणी टपटप साडीवर पडतंय. मी अंगणातूनच ओरडले, "अहो रणदिवेवहिनी, तुमचं प्रदर्शन आमच्या साडीवर कशाला?" ती धावत खाली आली. हात ओले, चष्मा नाकावर घसरलेला. म्हणाली, "सॉरी हं, आमच्या बाल्कनीत कडक ऊन येतं, कागद वळतो." म्हणजे तिच्या कागदाला ऊन लागू नये म्हणून माझ्या साडीला पाणी! मी तिला चांगलीच झापली.

भांडता भांडता माझी नजर एका फोटोवर गेली. वाळूच्या ढिगाऱ्यावर एक दोन वर्षांचं पोर हातात पोळीचा तुकडा घेऊन राजासारखं बसलं होतं, आणि मागे बांबूच्या शिडीवर आईची नुसती पावलं दिसत होती. तो फोटो बघून मी साडी विसरले असं म्हणणार नाही, साडी माझ्या चांगली लक्षात होती. पण माझा आवाज खाली आला. महिनाभरात आम्ही अहो-जाहोवरून अगं-तुगंवर आलो.

ते एक्याऐंशी साल. पुढच्या वर्षी एशियाड व्हायचं होतं आणि त्यासाठी सगळी दिल्ली खणून ठेवलेली होती. पूल, स्टेडियम, रस्ते, सगळीकडे बुंदेलखंडातून आणि राजस्थानातून आलेल्या बायका डोक्यावर घमेली घेऊन चढ-उतार करायच्या आणि त्यांची पोरं तिथेच मातीत लोळायची. त्या पोरांसाठी एक संस्था कामाच्या जागीच पाळणाघरं चालवायची. चंद्रप्रभा तिथे आठवड्यातून चार दिवस शिकवायला जायची. तिचे यजमान, सूर्यकांत भावजी, शेती मंत्रालयात होते आणि महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर. मूलबाळ नव्हतं. भावाने दिलेला एक जुना कॅमेरा होता, वरून खाली मान घालून बघायचा. तो कॅमेरा तिला फार उपयोगी पडला असं माझं मत आहे. डोळ्याला नळी लावून समोरच्यावर रोखायची भानगड नाही. ती मान खाली घालून उभी राहायची, त्यामुळे बायका बुजायच्या नाहीत.

न्हाणीघराच्या खिडकीला गोधडी लावून ती दुपारी फोटो धुवायची. पाणी गेलं की फोटो आणि भांडी दोन्ही अडायची. फोटोतलं माणूस बिचारं दिसलं तर ती तो फोटो फाडून टाकायची. मी एकदा असाच एक फाटका फोटो टोपलीतून उचलला आणि म्हटलं, "अगं, केवढा करुण आलाय! लोक रडतील बघून." तर म्हणाली, "रडतील आणि घरी जाऊन जेवतील. ती बाई दिवसभरात चार वेळा हसली होती. मीच चुकीच्या वेळी बटण दाबलं." अशी बाई मी तोवर पाहिली नव्हती. आमच्या ऑफिसात एका कागदाची दुसरी प्रत काढायची म्हटली तरी कपाळाला आठ्या, आणि ही ज्यांचे फोटो काढायची त्या प्रत्येकीला प्रत नेऊन द्यायची. बायका ती गावाकडे पाठवायच्या. म्हाताऱ्या आईला नात दिसायची.

आणि प्रत नेऊन देण्याच्या या चांगल्या सवयीतच तिच्या हातून घोटाळा झाला.

रामसखी नावाची टीकमगडकडची एक मुलगी होती, फार तर वीस वर्षांची. पाच महिन्यांची लेक पाळणाघरात ठेवून कामाला जायची आणि दूध पाजायला यायची. हनुवटीपर्यंत घुंघट. एकदा आजूबाजूला सगळ्या बायकाच होत्या, तेव्हा चंद्रप्रभा तिला म्हणाली, "इतनी सुंदर लड़की का फोटो, और माँ का मुँह ही नहीं?" रामसखी हसली आणि तिने घुंघट मागे सारला. घमेलं उपडं घालून ती त्यावर बसलेली, लेक छातीशी, लेकीच्या मुठीत आईचं बोट. फोटो दोरीवर आला तेव्हा मी बराच वेळ तिथे उभी होते. आमच्या मागच्या अंगणात तसलं काही पुन्हा वाळत पडलं नाही. संध्याकाळच्या आत तिने तो काढून नेला.

तिने दोन प्रती केल्या. एक संस्थेच्या प्रमुख अहिल्याबाईंना दिली आणि दुसरी घेऊन रामसखीच्या झोपडीवर गेली. रामसखी पाण्याला गेली होती. बाहेर तिचा जेठ, म्हणजे मोठा दीर, विडी ओढत बसला होता. चंद्रप्रभाने फोटो त्याच्या हातात दिला, "रामसखी को दे देना" म्हणाली आणि खुशीत घरी आली. मलाही येऊन सांगितलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाटणार तरी कसं? माझे मोठे दीर माझ्या हातचा चहा पितात आणि साखर कमी पडली तर तोंडावर सांगतात. डोक्यावरून पदर घेतला की आपली मर्यादा संपली. रामसखीच्या जेठाने ती लग्न होऊन आल्यापासून भावजयीचा चेहरा पाहिला नव्हता आणि पाहायचाही नव्हता, हे दिल्लीत पंधरा-पंधरा वर्षं काढलेल्या आम्हा दोघी शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून रामसखीची लेक पाळणाघरात येईना. मग इतर बायकांनी सांगितलं. "जेठ ने मुँह देख लिया. फोटो चूल्हे में डाल दी. दो दिन उसके हाथ की रोटी नहीं खाई. फिर सब सामान बाँधकर चले गए." कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

चंद्रप्रभा त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि खूप रडली. मी म्हटलं, "तुला काय माहीत होतं यार?"

"मी विचारलं नाही ना, कुमुद. नसेल माहीत, पण विचारता तर येत होतं."

जानेवारीत अहिल्याबाईंचं बोलावणं आलं. संस्थेचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यांना त्या प्रदर्शनाच्या पोस्टरवर रामसखीचाच फोटो हवा होता. दिल्लीभर लागणार, खाली चंद्रप्रभाचं नाव. शिवाय प्रदर्शनानंतर संस्थेत फोटोग्राफर म्हणून पक्की नोकरी. अडतीस वर्षांची, कसलीही पदवी नसलेली बाई, न्हाणीघरात फोटो धुणारी. तिच्यासमोर हे सगळं एका सकाळी कोणी मांडलं तर तिने काय करावं? मी असते तर पेढे वाटले असते. ही म्हणाली, "तिला विचारल्याशिवाय नाही."

अहिल्याबाई वाईट नव्हत्या, पण घाईत होत्या. "अहो, ती कुठली बघायला येतेय पोस्टर? आणि हे तिच्यासारख्यांच्या मुलांसाठीच आहे ना? शनिवारी छापखान्यात द्यायचंय." चंद्रप्रभाने त्यांच्याकडची प्रत मागून घेतली आणि म्हणाली, "शनिवारपर्यंत शोधते."

तीन दिवस ती एका कामावरून दुसऱ्या कामावर हिंडली. शेवटी एका ठेकेदाराच्या कारकुनाने सांगितलं की ती टोळी पानिपतला गेली आहे, कालव्याच्या पुलावर. दुसऱ्याच दिवशी संक्रांत होती आणि आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाची बस दरवर्षीप्रमाणे काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, निघणार होती. मी ऑफिसात रजा टाकली आणि आम्ही दोघी बसमध्ये चढलो.

काला अंबला उतरताच आम्ही निघायची घाई केली, तर मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब चिडले. "एवढी आपली माणसं इथे पडली, आणि तुम्ही मजुरांच्या मागे चाललात?" चंद्रप्रभा स्मारकापुढे हात जोडून शांतपणे दोन मिनिटं उभी राहिली. मग म्हणाली, "अण्णासाहेब, यांना आपण दरवर्षी भेटतो. तिला आज भेटले नाही तर राहूनच जाईल." अण्णासाहेबांनी बस तीन वाजता सुटेल एवढंच बजावलं. आम्ही टांगा केला.

धुकं पुरतं हटलेलं नव्हतं. कालव्याकाठी चाळीसेक माणसं कामावर होती आणि जवळजवळ सगळ्या बायकांचे चेहरे झाकलेले. जेठ लांब सिमेंट कालवताना दिसला. चंद्रप्रभाने कोणालाही हाक मारली नाही. झाडाला बांधलेल्या झोळीत रामसखीची लेक झोपली होती, तिच्यापाशी जाऊन खाली बसली. जेवणाची सुट्टी झाली तशी रामसखी आपणहून आली. आम्हाला घेऊन विटांच्या थप्पीमागे गेली, जिथे आम्ही तिघी कोणाला दिसणार नव्हतो.

"मुझसे बड़ी ग़लती हुई," चंद्रप्रभा हात जोडून म्हणाली. "माफ़ करो."

चंद्रप्रभाने पाकिटातून फोटो काढून रामसखीच्या हातात ठेवला. तिने तो तोवर पाहिलाच नव्हता. जेठाने पाहिला, चुलीने पाहिला, तिला कोणी दाखवला नव्हता. तिने घुंघट वर केला आणि फोटो गुडघ्यावर धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

"मैं ऐसी हूँ?"

"बिल्कुल ऐसी."

मग चंद्रप्रभाने सगळं सांगितलं. पोस्टर केवढं असेल, कुठे कुठे लागेल, पाळणाघरांना त्याचा काय फायदा. स्वतःची नोकरी तेवढी सांगितली नाही. मला राहवेना. मी मध्येच म्हटलं, "तुम्हारा नाम कोई नहीं छापेगा. किसी को पता नहीं चलेगा."

"कुमुद, गप्प बस," चंद्रप्रभा म्हणाली.

रामसखी माझ्याकडे वळली. "नाम तो वैसे भी कोई नहीं पूछता, बहनजी. पहचान तो मुँह से ही होती है." मग चंद्रप्रभाला म्हणाली, "मत छापो. तुम तो बस में बैठकर चली जाओगी. मुझे इन्हीं लोगों में रहना है."

"नहीं छपेगा," चंद्रप्रभा म्हणाली. तिच्या तोंडावरची रेषही हलली नाही. तिने पर्समधून आगपेटीहून जरा मोठा असा फिल्मचा चौकोनी तुकडा काढला. "ये असली है. इसी से फोटो बनती है. ये तुम रखो, तो कोई दूसरी बना ही नहीं सकता. मैं भी नहीं."

मला इतका संताप आला की मी मराठीत ओरडलेच, "अगं वेडे, निगेटिव्ह कशाला देतेस! नाही म्हणाली ना, मग नको छापू. पण हे?" तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रामसखीने तो तुकडा उजेडात धरला. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहरा काळा कुळकुळीत, केस पांढरे, डोळ्यांच्या जागी दोन फिकट ठिपके. ती एकदम हसली. "अरे, ये तो भूतनी है! इसमें तो मुझे कोई नहीं पहचानेगा?"

"कोई नहीं."

"जेठ भी नहीं?"

"जेठ भी नहीं. पर तुम दोनों हो इसमें. तुम और लल्ली."

रामसखीने तो तुकडा साडीच्या टोकात ठेवून गच्च गाठ मारली. छापलेला फोटो मात्र तिने परत केला. झोपडीत तो ठेवायला जागा नव्हती. "ये तुम रख लो, बहनजी. पर किसी मर्द को मत दिखाना. क़सम खाओ."

चंद्रप्रभाने तिथेच, झोळीतल्या लेकीच्या दिशेने हात करून शपथ घेतली. रामसखीने घुंघट ओढला आणि ती भाकरी खायला गेली.

परतीच्या बसमध्ये मी तिच्याशी पानिपत ते सोनीपत एक शब्द बोलले नाही. सोनीपतनंतर माझाच धीर सुटला आणि मी तिचा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार पडला होता.

पोस्टरवर दुसऱ्या कोणाचा तरी फोटो लागला. अहिल्याबाई रागावल्या, देऊ केलेली नोकरी गेली. पण दोन वर्षांनी त्यांनीच निरोप पाठवला, कारण त्यांचा नवा फोटोग्राफर कामावर गेला की बायका पाठ फिरवायच्या आणि "वो झुकनेवाली बहनजी को भेजो" म्हणायच्या. पुढे बावीस वर्षं तिने ते काम केलं. प्रत्येकीला आधी विचारायची, हा फोटो तुझ्या घरात कोणी बघितलेला चालेल आणि कोणी नाही, आणि उत्तर प्रतीच्या मागे पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवायची. 'सासूला नको.' 'फक्त माहेरी.' तिच्या कपाटातले शेकडो फोटो पालथे घालून वाचत बसावं, इतकं त्यात आहे. माझ्या ओळखीत खूप शिकलेली माणसं आहेत. त्यांच्यात एवढी सभ्यता मला सापडली नाही.

आता ते दोघं मयूर विहारला राहतात. सूर्यकांत भावजी पंच्याऐंशीचे झालेत. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा चंद्रप्रभा आत चहा करत होती आणि ते हळूच मला म्हणाले, "कुमुदताई, तुम्ही पाहिलाय ना रामसखीचा तो फोटो? कसा आहे हो?"

चाळीस वर्षं तो फोटो त्यांच्याच घरात, कुलूप नसलेल्या कपाटात आहे.

"छान आहे," मी म्हटलं, आणि ते मान डोलावून समाधानाने पेपर वाचायला लागले.